पहिला खर्डा सर्वांत शेवटी

सहकारी बँकेच्या वसुली खात्यात हयात घालवलेल्या माणसाला लेखक म्हणायला हरकत नसावी. रोज लिहावं लागायचं, लिहिलेलं रजिस्टर पोस्टानं थेट वाचकाच्या दारात जायचं आणि वाचक ते हातात घ्यायला तयार नसायचा. 'घेण्यास नकार' असा पोस्टमनचा शेरा मिरवत माझं निम्मंअधिक साहित्य परत आलेलं आहे. मोठमोठ्या लेखकांना साभार परतीचं दुःख पचवायला वर्षं लागतात म्हणे. मला त्या दुःखाचा पगार मिळत होता. त्यामुळे निवृत्तीनंतर मी कथा लिहिणार असल्याचं जाहीर केलं तेव्हा घरात फारशी खळबळ माजली नाही. "लिहा की. तेवढंच सोसायटीच्या मीटिंगमधलं तुमचं बोलणं कमी होईल," बायको म्हणाली आणि मटार सोलत राहिली.

कथा घरी बसूनही लिहिता येते. पण फुकटच्या सल्ल्यावर आणि विनातारण कर्जावर माझा विश्वास नाही. रीतसर फी भरून, पावती घेऊन शिकावं या विचारानं मी पुण्यातल्या एका कॉलेजात सर्जनशील लेखनाच्या पदविकेला नाव घातलं. पात्रता बारावी पास, वयाची अट नाही. फॉर्मवर 'पालकाची सही' असा रकाना होता. तिथे बायकोची सही घेतली. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "नातीचा आहे का, काका?"

वर्ग संध्याकाळी भरायचा. सकाळी तिथे अकाउंटन्सी शिकवत, त्यामुळे फळ्यावर नेहमी कुठल्या तरी भागीदारी संस्थेचा ताळेबंद पुसायचा राहिलेला असे. त्याच्याकडे पाहून मला फार बरं वाटायचं. बाकी वर्गात बरं वाटण्याजोगं काही नव्हतं. सगळी मुलं माझ्या निम्म्याहून कमी वयाची. हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी होती, ती बाणेरमधल्या पिशाच्चांच्या कथा लिहायची. बार्शीचा एक मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता इकडे वळला होता; त्याच्या कथेतला नायकसुद्धा प्रेयसीला नकाराची कारणं मुद्देनिहाय सांगत असे. आणि एक कवी होता. तो कमी बोलायचा. कोणाचंही काहीही वाचून झालं की डोळे मिटून म्हणायचा, "यात अवकाश नाही." माझ्या बाबतीत तर तो माझं वाचन सुरू होण्याआधीच डोळे मिटून बसायचा.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगून टाकलं, "मी इथे शिकवणार नाही. तुम्ही एकमेकांचं वाचायचं, त्यावर बोलायचं आणि मग ज्यानं त्यानं आपलं परत लिहायचं." मी पावती खिशातून काढून पुन्हा बघितली. फी पूर्ण घेतली होती.

ही पद्धत अमेरिकेतली. आयोवा विद्यापीठात 1936 साली लेखनाची कार्यशाळा सुरू झाली. पुढे युद्धानंतरच्या काळात ती नदीकाठच्या बराकींमध्ये भरायची आणि तिथून जगभरातल्या कॉलेजांनी ही रीत उचलली. त्याच गावात 1967 पासून आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम चालतो, आणि आपले कवी दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात त्यासाठी तिथे जाऊन राहिले होते. हे ऐकल्यावर माझी छाती फुगली. म्हणजे मी चित्र्यांच्याच वाटेवर होतो, फक्त पीएमपीच्या बसनं.

या आयोवाच्या रिवाजात एक कलम मात्र जाचक आहे. ज्याचं लिखाण चर्चेला असेल त्यानं चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, हरकत नाही, 'मला असं म्हणायचं होतं' तर मुळीच नाही. कारण पुस्तक छापून आल्यावर लेखक काही वाचकाच्या सोफ्यावर जाऊन खुलासे करत नाही. तत्त्व म्हणून ठीक आहे. पण मी आयुष्यभर थकबाकीदारांच्या सोफ्यावर जाऊन खुलासेच करत आलेलो. शिवाय पुण्यात राहतो. समोरचा चुकतोय हे दिसत असताना गप्प बसण्याची मला कसलीही सवय नाही.

सर म्हणाले, काळजी करू नका. फ्लॅनरी ओ'कॉनर ही पुढे थोर ठरलेली लेखिका जॉर्जियातून आयोवाला आली तेव्हा तिची बोली इतकी गावरान होती, की कार्यशाळेचे संचालक पॉल एंगल यांना तिचं बोलणं कळेना. शेवटी त्यांनी कागद पुढे केला आणि काय म्हणायचंय ते लिहून दे म्हणाले. ती वर्गात गप्पच असायची आणि तरी, किंवा म्हणूनच, मोठी झाली. मला हा किस्सा फार आवडला, पण लागू पडेना. माझं बोलणं सगळ्यांना स्वच्छ कळत होतं, हीच अडचण होती.

तर कथा. मी 'निर्माल्य' नावाची चौदा पानी कथा लिहिली. विषय साधाच. निवृत्त गृहस्थ, पत्नी आजारी पडते, बराच काळ अंथरुणाला खिळते आणि शेवटी जाते. अंगणात प्राजक्ताचा सडा. गृहस्थ तो वेचतात. संध्याकाळ. दूरवर कुठेतरी मंदिरातली घंटा. ही घंटा घालताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. वसुली खात्यातली भाषा कुठे डोकावू नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून जागता पहारा ठेवला होता. 'सदर', 'सबब', 'उपरोक्त' यांतला एकही शब्द येऊ दिला नाही. त्यांच्या जागी 'कातरवेळ', 'हळवा', 'ओथंबलेलं' असे शब्द नेमले. कातरवेळ तर एकाच पानावर चारदा झाली.

चर्चेआधी प्रत्येकाला एक प्रत द्यायची असते. कॉलेजच्या फाटकाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो पोरगा कागद मशीनवर ठेवता ठेवता वाचत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गठ्ठा स्टेपल करून हातात देताना तो म्हणाला, "बाई जाते ना शेवटी? दुसऱ्या पानावर खोकली तेव्हाच मला वाटलं." पुढे थोडा वेळ थांबून, सहानुभूतीनं, "पाठपोट करून दिलंय काका, तुमचे पैसे वाचतील."

वर्गात जे झालं ते मी तोंडावर रुमाल धरून ऐकलं. हिंजवडीच्या मुलीनं पहिलाच प्रश्न टाकला, की हे जोडपं तिसऱ्या मजल्यावर राहतं असं पहिल्या पानावर म्हटलंय, मग अंगण कुठून आलं? मी तोंड उघडलं. सरांनी बोट ओठांवर ठेवलं. बार्शीकर म्हणाला, "एक, बाईंना काय आजार आहे ते कळत नाही. दोन, औषधं चालू आहेत का ते कळत नाही. तीन, मेडिक्लेमचा उल्लेख नाही." हा तिसरा मुद्दा मला एक माजी बँक कर्मचारी म्हणून फार लागला. एका मुलीनं अत्यंत मृदू आवाजात विचारलं, की बायको चौदा पानांत एकही वाक्य का बोलत नाही? सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ओरडून सांगायचं होतं, की अगं बाई, तेवढ्यासाठीच तर लिहायला घेतलं! कवी डोळे मिटून होता. शेवटी सरांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा म्हणाला, "अवकाश आहे, पण त्यात घंटा वाजतेय."

सरांनी हिरव्या शाईनं माझी प्रत रंगवून परत दिली. पहिल्या पानावरची कातरवेळ वर्तुळात होती. दुसरीभोवती दोन वर्तुळं. चौथीपाशी फक्त 'पुन्हा?' एवढंच. शेवटच्या पानाखाली शेरा होता: 'शेवट बसत नाही. पुनर्लेखन.'

रात्री ती प्रत जेवणाच्या टेबलावर राहिली आणि बायकोनं वाचली. तिनं वाचायला नको होती, असं नाही. पण तिची वाचायची पद्धत कार्यशाळेची नाही. ती थेट शेवटचं पान उघडते. "अहो, मला मारलंत?" मी समजावलं, की ती पत्नी म्हणजे तू नव्हेस, ते एक पात्र आहे. ती म्हणाली, "पात्राला गुडघेदुखी माझी, अबोली साडी माझ्या वहिनीची आणि मरायला मी?" मी म्हणालो, कलेत असं करावं लागतं. ती म्हणाली, "मग तुम्ही मरा ना कलेत. मी वेचते प्राजक्त." साहित्यिकदृष्ट्या या सूचनेत तथ्य होतं, पण निवेदक पहिल्या पानावर गेला तर पुढची तेरा पानं कोण लिहिणार, हा तांत्रिक प्रश्न तिच्या ध्यानात येईना.

नंतरचे तास पुनर्लेखनावर होते. पुनर्लेखन हा सरांचा हळवा कोपरा. ते बोलायला लागले की आपण आजवर एकदाच लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची लाज वाटायची, अगदी वाण्याच्या यादीचीसुद्धा. हेमिंग्वेनं 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचं शेवटचं पान एकोणचाळीस वेळा लिहिलं असं मुलाखतीत सांगितलं होतं, आणि 2012 साली निघालेल्या आवृत्तीत त्याच्या कागदपत्रांतले सत्तेचाळीस शेवट छापले आहेत. म्हणजे आठाचा फरक. हिशोब जुळत नाही म्हणून मी हात वर केला. सरांनी माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मग ते मराठीत आले. एकनाथांनी पैठणला शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या मिळतील त्या प्रती गोळा केल्या, पाठ ताडून पाहिले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. वर ताकीद दिली, की यापुढे या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घुसडली तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवण्यासारखं होईल. सर संपादनाच्या परंपरेबद्दल बोलत होते. मी मात्र त्या ताकिदीनं भारावून गेलो. कसूर केल्यास काय समजण्यात येईल, याची तरतूद मजकुरातच करून ठेवलेली. असा माणूस वसुलीला हवा होता.

'सत्यकथा' मासिकाबद्दलही ते भरभरून सांगायचे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक आलेल्या कथेवर लेखकाशी बोलत, पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत. गिरगावात खटाववाडीतली, हे मासिक काढणाऱ्या 'मौज'ची कचेरी म्हणजे फी न घेणारी कार्यशाळाच होती. आणि मग 1969 साली याच 'सत्यकथे'च्या अंकाची बंडखोर तरुण लेखकांनी होळी केली, हेही सरांनी तितक्याच प्रेमानं सांगितलं. त्या दिवशी कवीनं वर्षात पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले आणि विचारलं, "सर, त्यांना मार्क किती मिळाले?"

मला सर्वांत भिडली ती रेमंड कार्व्हरची हकीकत. त्याच्या 1981 सालच्या कथासंग्रहातला निम्म्याहून अधिक मजकूर गॉर्डन लिश नावाच्या संपादकानं छाटला. कार्व्हरनं काकुळतीला येऊन छपाई थांबवा म्हणून पत्र लिहिलं. लिश बधला नाही. पुस्तक आलं आणि गाजलं, लोक त्या तुटक शैलीवर फिदा झाले. कार्व्हर 1988 साली गेला. त्याच्या मूळ, न छाटलेल्या कथा 2009 साली पुस्तकरूपानं आल्या, त्या त्याची बायको टेस गॅलाघर हट्ट धरून बसल्यामुळे. ही गोष्ट मी घरी मुद्दाम तपशीलवार सांगितली. बायको म्हणाली, "म्हणजे त्यानं तिला कथेत मारलं नसणार."

आता खरी अडचण. पदविकेचे साठ गुण एका फाइलला होते. फाइलमध्ये एकाच कथेचे तीन खर्डे लावायचे. पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येकात काय बदललं आणि का, याच्या टिपणासह. उरलेले चाळीस तोंडी परीक्षेला. थोडक्यात, कथा कशी आहे याला फारसे गुण नव्हतेच. ती किती वेळा बिघडून सुधारली याला होते. मी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच 'निर्माल्य'वर अखेरचा हात फिरवून मोकळा झालो होतो. अंगण काढून गॅलरी केली. प्राजक्ताची कुंडी केली. चारपैकी तीन कातरवेळा रद्द केल्या. घंटा ठेवली, ती मी कोणासाठीही काढणार नव्हतो. वर्गात वाटलेली प्रत दुसरा खर्डा म्हणून चालून गेली असती. पण पहिला कुठून आणायचा? मी एका बैठकीत लिहिणारा माणूस. नोटिशीचा कच्चा मसुदा करणारा वसुली अधिकारी पाहिलाय का कोणी?

फाइल देण्याच्या आदल्या रात्री मी मुकाट्यानं पहिला खर्डा बनवायला बसलो. चांगल्या कथेची वाईट आवृत्ती करायची होती, आणि वाईट लिहिण्यासाठी मला वेगळी तयारी करावी लागली नाही. पहारा उठवला, बस्स. तीस वर्षं हाताला वळण असलेली भाषा धरणाचं पाणी सोडावं तशी आली. बँकेनं भेट दिलेल्या डायरीची पानं फाडून मी लिहीत सुटलो:

'विषय: पत्नीची प्रकृती. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर महिला गेल्या श्रावणापासून अंथरुणास खिळून आहे. तिने या कालावधीत चहात साखर कमी असल्याबाबत दोन वेळा तोंडी तक्रार केली. सदर तक्रारीची दखल घेण्यात आली नाही, कारण डॉक्टरांनी साखर बंद केली होती. हे तिला कळविण्याचे धाडस अर्जदारास झाले नाही. तिच्या कपाटाची किल्ली तिने अर्जदाराकडे सुपूर्द केली असता अर्जदाराने ती स्वीकारण्यास नकार दिला.'

असं दीड तासात पाच पानं. शेवटी डॉक्टर चार दिवस थांबायला सांगतात, आणि त्याखाली: 'सदर महिला पहाटे कोणतीही पूर्वसूचना न देता निधन पावली. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.' टिपणात लिहिलं, की पहिल्या खर्ड्यात भाषा रुक्ष आणि कार्यालयीन झाली असून पुढील खर्ड्यांत ती प्रयत्नपूर्वक साहित्यिक केली आहे. फाइल लावली, दोरी बांधली, झोपलो.

तीन दिवसांनी सरांनी मला वर्गानंतर थांबवलं. त्यांच्या हातात डायरीची पानं होती आणि हिरवं पेन खिशातच होतं. "काका, हे तुम्ही आधी का नाही दाखवलंत? ही कथा आहे. ते बाकीचं..." त्यांनी घंटेच्या दिशेनं हात केला. "हा किल्लीचा प्रसंग कसा सुचला?" मी नम्रपणे म्हणालो, की गहाण मालमत्तेचा ताबा घेताना किल्ली कोणी घेत नाही, पंचनाम्यात तसं नमूद करावं लागतं. सर बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही पुनर्लेखन करून करून एक चांगली कथा मारलीत." तीन खर्ड्यांची अट त्यांचीच होती, हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण एव्हाना गप्प बसायची सवय लागली होती.

वर्गात ती पानं वाचून दाखवली गेली तेव्हा तर कहर झाला. हिंजवडीची मुलगी म्हणाली, निवेदकाला रडता येत नाही म्हणून तो टाइप करतोय. बार्शीकर म्हणाला, "मुद्दा एकच. भारी." दुःख सहन होत नाही म्हणून माणूस शासकीय भाषेच्या आडोशाला कसा जातो यावर वीस मिनिटं चर्चा झाली, आणि त्या वीस मिनिटांत माझ्याबद्दल मला ठाऊक नसलेल्या बऱ्याच गोष्टी उघड झाल्या. मी रुमाल तोंडावर धरून होतो. तेवढ्यात कवी म्हणाला, "अवकाश आहे." त्यावर कुणी बोललं नाही, कारण वर्षभर आम्ही सगळे याच वाक्याची वाट बघत होतो.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक ज्येष्ठ प्राध्यापक आले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फाइल उघडली, पहिला खर्डा वाचला, दुसरा चाळला, तिसऱ्यातली घंटा आल्यावर पान उलटलं. मग परत पहिल्यावर गेले. "या पहिल्या खर्ड्यावर 27 मार्च तारीख आहे."

असणारच. कुठलाही कागद समोर ओढला की उजव्या कोपऱ्यात तारीख घालायची, ही बँकेची शिस्त माझ्या हाडात आहे. जावक क्रमांक घातला नव्हता, हेच नशीब.

"आणि तिसऱ्यावर 2 फेब्रुवारी."

"हो, सर."

"म्हणजे पहिला खर्डा तिसऱ्यानंतर दोन महिन्यांनी लिहिलात?"

मी म्हणालो, "सर, तिथपर्यंत पोचायला मला तेवढा वेळ लागला." हे वाक्य कुठून आलं देव जाणे. वर्षभर त्या मुलांच्या संगतीत राहून असली वाक्यं तोंडात बसतात. प्राध्यापकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांना सगळं कळलेलं होतं हे मलाही कळलं होतं. "बँकेतही अशा तारखा घालायचात का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "छे. तिथे ऑडिट असतं." त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं आणि त्यांचे खांदे हलत होते. निकालात 'पुनर्लेखन प्रक्रिया' या घटकात वर्गात सर्वाधिक गुण मला होते.

सरांच्या आग्रहानं ती पाच पानं एका दिवाळी अंकाकडे पाठवली. संपादकांचा फोन आठवड्यात आला. कथा घेतोय म्हणाले, फार वेगळी आहे म्हणाले, आणि त्याच श्वासात, "एखादी जाहिरात मिळवून द्याल का? अर्धं पान चालेल." दिवाळी अंक कथांवर चालत नाहीत, जाहिरातींवर चालतात, हे मलाही ठाऊक होतं, आमची बँकच दरवर्षी चार अंकांना लक्ष्मीचं चित्र आणि ठेवींचे व्याजदर द्यायची. पण निवृत्त माणसाला बँकेत कोण विचारतो? मग मला एक जुना थकबाकीदार आठवला. मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या करायचा. त्याच्या शेडला मी स्वतः दोनदा नोटीस डकवली होती. बिचाऱ्यानं पुढे सगळं फेडलं, धंदाही जोरात चालला होता. फोन केला, नाव सांगितलं. पलीकडे एकदम शांतता. "साहेब, माझं सगळं क्लिअर आहे हो!" मी म्हणालो, अहो वेगळं काम आहे, जाहिरात हवीय. त्यानं दर विचारला नाही, अंकाचं नावही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत पैसे जमा. वसुलीच्या कारकिर्दीत माझ्या एका फोनवर इतकी तडफ कधी कोणी दाखवली नव्हती.

अंक आला. कथा होती, चित्रही होतं, पारिजातकाचंच, कारण चित्रकाराला पत्नी आणि आजार एवढंच सांगितलं असावं. मी शेवटाकडे गेलो. 'डॉक्टरांनी चार दिवस थांबण्यास सांगितले आहे.' त्याखाली चकचकीत स्टीलच्या ट्रॉल्या, सॉफ्ट क्लोज ड्रॉवर आणि दहा वर्षांची वॉरंटी. पुढच्या पानावर एकदम भविष्य, मेष राशीपासून. निधन कुठेच नव्हतं. 'सबब प्रकरण बंद' नव्हतं.

संपादकांनी फोन डीटीपीवाल्याकडे दिला. मागे पंखा आणि दुसऱ्या कोणाच्या तरी हाकांची गडबड. "काका, दोन ओळी जास्त होत होत्या. फाँट बारीक करून बघितला, तरी शेवट बसेना. खाली जाहिरात फिक्स होती ना. तुम्हाला काही तुटल्यासारखं वाटलं का?"

मी कथा पुन्हा वाचली. माणूस थांबलाय, किल्ली घेतलेली नाही, साखरेचं सांगितलेलं नाही. "नाही," म्हणालो.

"मग झालं की," तो म्हणाला, आणि मेष राशीत काही चुकलंय का ते विचारून त्यानं फोन ठेवला. सरांचा त्याच संध्याकाळी मेसेज आला, की शेवट उघडा ठेवण्याचं धाडस केलंत, अभिनंदन. मी हात जोडलेला इमोजी पाठवला.

बायकोनं सवयीप्रमाणे शेवटचं पान उघडलं. ट्रॉल्या पाहिल्या. मग त्यांच्या वरची ओळ वाचली. "अय्या, जिवंत आहे की मी!" तिनं आणखी पाच अंक मागवायला लावले. लेखकाला एकच फुकट मिळतो, बाकीचे छापील किमतीला. सातारच्या नणंदेचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, अंक वाचून लगोलग फोन आला होता, की वहिनीला काय झालंय, आम्हाला काही कळवलं का नाही, कोणत्या हॉस्पिटलात आहे? त्यामुळे अंक वाटण्याआधी सगळे टेबलावर मांडून ती पेन घेऊन बसली. प्रत्येक अंकात पान काढून तिनं 'अबोली' खोडलं आणि वर 'मोरपंखी' लिहिलं. 'चहात साखर कमी' इथे समासात 'यांनीच केला होता' अशी भर घातली. आणि शेवटच्या ओळीच्या खाली, ट्रॉल्यांच्या वर जी बोटभर जागा उरली होती तिच्यात, 'मी आता बरी आहे' असं लिहून सही केली, तारखेसह.